पीएचच्या मागे धावू नका: नव्या रीफ टँकच्या पाण्यात या चुका टाळा

ठाण्यात घरी रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळांचा) खाऱ्या पाण्याचा टँक, सांभाळायला लागून मला अकरा वर्षं झाली. आता रविवारी सकाळी कोणाचा तरी फोन ठरलेलाच. टँक दोन महिन्यांचा, कोरल मिटलेले आणि माणूस रडकुंडीला आलेला. मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, "गेल्या आठवड्यात पाण्यात काय काय टाकलंत?" यादी लवकर संपत नाही. आकडा दिसला की बाटली उचलायची, ही सवय नव्या टँकला सगळ्यात जास्त नडते. आकडा तसा का आला, हे आधी शोधायचं असतं.

पीएचचं, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली हे सांगणाऱ्या आकड्याचं, उदाहरण घ्या. माझा मावसभाऊ खारघरला राहतो. त्याने मार्चमध्ये तीन बाय दीड बाय दीड फुटांचा टँक लावला, एप्रिलअखेर सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वसण्याचा काळ) पूर्ण झाली आणि मेमध्ये त्याचे मेसेज सुरू झाले. "दादा, पीएच 7.8 आलाय. 8.3 हवा ना?" मी म्हटलं, "राहू दे, हात लावू नकोस." पण दुकानातून त्याने पीएच वाढवणारी पावडर आधीच आणली होती. रात्री एक चमचा टाकला की थोडा वेळ 8.2 दिसायचं, सकाळी पुन्हा 7.8. मग दीड चमचा. मग दोन.

पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा रिटर्न पंप (पाणी टँकमध्ये परत ढकलणारा) घरघरत होता. त्यातला फिरता इम्पेलर काढून पाहिला, तर त्यावर चुन्यासारखा पांढरा थर बसलेला, नखाने खरवडूनही निघेना. मोंटिपोरा नावाच्या कोरलच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण; तिचं एकक डीकेएच) मोजली, 13.6 डीकेएच. कॅल्शियम 330 पीपीएम (दहा लाखांत 330 भाग). पावडरीने अल्कलिनिटी चढत गेली आणि पाण्यातलं कॅल्शियम तिच्याबरोबर कॅल्शियम कार्बोनेट होऊन पंपावर जाऊन बसलं. पीएच मात्र होता तिथेच.

कारण खोलीत होतं. मे महिना, दिवसरात्र एसी, खिडक्या बंद आणि हॉलमध्ये चार माणसं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो, पाण्यात विरघळतो आणि पीएच खाली ओढतो. मी टँकमधलं पाणी एका पेल्यात घेतलं, बाल्कनीत ठेवलं आणि त्यात तासभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला. 7.8 चं 8.15 झालं. पाणी तेच, टाकलं काहीच नव्हतं. तुमचा पीएच कमी येत असेल तर पावडर विकत घेण्याआधी हा पेला एकदा करून बघाच.

आम्ही पावडर बंद केली. स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) हवेची नळी एसीच्या पाइपच्या भोकातून बाहेर काढली आणि एक दिवसाआड दहा टक्के पाणी बदलत राहिलो. अल्कलिनिटी 8.5 वर यायला तीन आठवडे लागले. एकदम खाली आणायची नव्हतीच. दिवसात 1 डीकेएचपेक्षा जास्त बदल कोरलला सोसत नाही, मग तो वर असो की खाली. पावसाळ्यात खिडक्या उघड्या राहिल्या आणि पीएच आपोआप 8.2 ला आला.

माझ्या मते सुरुवातीला अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 आणि मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम ठेवावं. पीएच 7.8 ते 8.4 मध्ये कुठेही फिरू द्या. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, संध्याकाळी जास्त. म्हणून मी चाचणी रोज रात्री आठलाच करतो आणि वहीत लिहितो. दोन-चार फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) असलेल्या टँकला डोसिंग (ही द्रव्यं वरून टाकणं) जवळजवळ लागतच नाही, आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की भागतं. अल्कलिनिटी खरंच उतरत असेल तर घरातला खायचा सोडा चालतो. 100 लिटरला 3 ग्रॅम टाकला की साधारण 1 डीकेएच वाढते. बेकिंग पावडर टाकू नका, त्यात आम्ल असतं आणि बऱ्याचदा फॉस्फेटही. डोस काढताना मावसभावाच्या टँकसारखे काचेच्या मापाचे 191 लिटर धरू नका. दगड आणि वाळूने बरीच जागा खाल्लेली असते. टँक पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून ठेवा.

दुसरी चूक स्वयंपाकघरात आहे. घोडबंदर रोडला एका काकांकडे गेलो होतो. चार टर्बो गोगलगायी वाळूवर उताण्या पडलेल्या, पाय बाहेर लोंबत होता. दोन क्लीनर श्रिंप गेलेले. मासे मात्र मजेत पोहत होते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) 35 पीपीटी, म्हणजे हजारात 35 भाग. मी विचारलं, "काका, पाणी कुठलं वापरता?" काका म्हणाले, "अरे, घरच्या आरओचंच. तांब्याचा आहे, तब्येतीला चांगला असतो."

पिण्याच्या पाण्यातलं ते थोडंसं तांबं माणसाला काही करत नाही. गोगलगाय, कोळंबी आणि कोरल यांना मात्र ते विषच. दर टॉप-अपला (उडालेल्या पाण्याची भर घालताना) तांबं थोडं थोडं आत येतं. पाणी उडून जातं, ते मागे राहतं, दगडात आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू परत सुटत राहतं. काकांनी सगळी वाळू आणि दगड काढून टाकले. टँक त्यांनी नातीसाठी लावला होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

तांब्याचा नसला तरी घरचा प्युरिफायर रीफला चालत नाही. चवीसाठी त्यात टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो आणि तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. वेगळा आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा फिल्टर) घ्या आणि टीडीएस पेनवर 0 आल्याशिवाय ते पाणी वापरू नका. वरच्या मजल्यावर राहत असाल तर बूस्टर पंप लागतोच. गच्चीवरची टाकी अगदी डोक्यावर असते, त्यामुळे नळाला जोर नसतो आणि आरओच्या मेम्ब्रेनला 50-60 पीएसआय दाब हवा असतो. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि सेडिमेंट फिल्टर लवकर तुंबतो. मी तो जूनच्या आधी आणि गणपतीनंतर बदलतो, तारीख बघत बसत नाही.

मीठ कालवताना पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर तळाशी पांढरा साका बसतो. आणि मीठ थेट टँकमध्ये कधीच टाकू नका. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या द्रावणाने जुळवा. आरओच्या पाण्याने शून्य लावला तरी 35 जवळचा आकडा चुकू शकतो.

सायकलला चार ते सहा आठवडे द्या. "बॅक्टेरियाची बाटली टाकली, उद्या मासे सोडतो" म्हणणाऱ्यांना मी हात जोडून थांबवतो. 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होतो का, नायट्राइटही उरत नाही ना, हे बघा आणि मगच पहिला मासा सोडा. त्या काळात वाळूवर तपकिरी धूळ साचते, ते डायटम असतात आणि आपले आपण जातात. उलट नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही ओढून शून्यावर आणले की बुडबुडे धरलेला शेंबडासारखा तपकिरी थर येऊ शकतो. ते डायनोफ्लॅजेलेट, आणि ते महिनोन्‌महिने छळतात. नायट्रेट 5 च्या आसपास असलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

ठाण्याच्या किंवा वाशीच्या खाडीचं पाणी "फुकटचं समुद्राचं पाणी" म्हणून आणू नका. त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात क्षारता कोसळते. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आता मे जवळ येतोय, लोक गावी निघतील. पंखा लावलेल्या टँकमधून दिवसाला चार लिटर पाणी सहज उडतं. दीडशे लिटर पाणी असेल आणि तीन दिवस कोणी टॉप-अप केलं नाही, तर क्षारता 35 वरून 38 वर जाते. परत आल्यावर कमी दिसलं म्हणून खारं पाणी ओतलंत तर ती तशीच वर राहील. मीठ उडत नाही, गोडं पाणीच उडतं, तेव्हा भरायचंही गोडं आरओचंच. परतल्यावर तेही एका दमात ओतू नका, दोन दिवसांत थोडं थोडं भरा. ऑटो टॉप-अप लावून निघणार असाल तर आधी एक आठवडा घरी असताना चालवून बघा. मी शेजाऱ्यांकडे चावी ठेवतो आणि सम्पवर (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीवर) मार्करने एक रेघ ओढून देतो: पाणी इथपर्यंत, बाकी कशाला हात लावायचा नाही.