खासगी हॉस्पिटलात नर्सेसची युनियन: सभासद कसे जोडावेत, प्रतिनिधी कसं व्हावं

सरकारी दवाखान्यांतल्या परिचारिकांच्या संघटना आपल्याकडे जुन्या आहेत. खासगी हॉस्पिटलात मात्र अजून बहुतेक ठिकाणी नर्सची तक्रार मेट्रनच्या केबिनपर्यंत जाते आणि तिथेच राहते. तुमच्या हॉस्पिटलात युनियन नसेल, किंवा नुसती नावाला असेल, तर कामाला लागा. परवानगी कोणाकडे मागायची नाही. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(ग)ने दिला आहे, आणि हॉस्पिटल हाही ‘उद्योग’च (म्हणजे कामगार कायदे लागू होणारी जागा) आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात म्हटलं आहे.

आधी एक वही घ्या. वॉर्डवार, शिफ्टवार नावं लिहा: कायम कोण, कंत्राटी कोण, हॉस्टेलला कोण राहतं, ब्रदर (पुरुष नर्स) किती. प्रत्येक वॉर्डात एक सिस्टर अशी असते की रजा नामंजूर झाली की बाकीच्या तिलाच विचारतात, ‘आता काय करू?’ ती मोठ्याने बोलणारी असेलच असं नाही. पण तिचा शब्द चालतो. पहिली भेट तिची घ्या. केरळच्या मुलींचा वेगळा गट असेल तर त्यांच्यातल्या एकीला सुरुवातीपासून बरोबर घ्या. मागाहून बोलावलेल्या माणसाला ती युनियन आपली वाटत नाही.

बोलायचं कुठे? पेशंटजवळ नाही, ड्युटीवर नाही, हॉस्पिटलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. हँडओव्हर (पुढच्या शिफ्टला काम सोपवणं) संपल्यावर, कॅन्टीनमध्ये, हॉस्टेलवर, बसस्टॉपवर. भाषण देऊ नका. ‘सिस्टर, मागच्या महिन्यात डबल ड्युट्या किती झाल्या?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. ती बोलायला लागली की मध्ये तोडू नका. शेवटी विचारा, ‘हे बदलायला काय केलं पाहिजे, असं तुम्हाला वाटतं?’ सभासदत्वाचा फॉर्म त्यानंतर काढा.

भीती ठरलेली असते: नोकरी जाईल, बाँडचे (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) पैसे मागतील, ओरिजिनल सर्टिफिकेटं अडकवून ठेवतील. यावर ‘काही होत नाही गं’ असं कधीही म्हणू नका. त्रास होऊ शकतो. खरं तेच सांगा: युनियनमध्ये आल्याबद्दल कामगाराला छळणं ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरते, पण एकटीने लढायला ते जड जातं, म्हणूनच तर एकत्र यायचं. २०११ साली मुंबईत खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेस बाँडविरुद्ध उभ्या राहिल्या, आणि त्याच वर्षी केरळात युनायटेड नर्सेस असोसिएशन सुरू झाली. दोन्हीकडे मुली तुमच्या-आमच्यासारख्याच होत्या.

पगाराची गोष्ट आकड्यांनिशी करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीची शिफारस अशी: २००हून जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात राज्य सरकारी नर्सइतका पगार, १००हून जास्त खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, ५०पेक्षा कमी खाटांना किमान २०,००० रुपये. ही शिफारस आहे, तिने पगार आपोआप वाढत नाही. पण आपली मागणी हवेतली नाही, हे नव्या मुलीला यातून पटतं.

युनियनच्या नोंदणीच्या अर्जावर किमान ७ जणांच्या सह्या लागतात, आणि एकूण कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल, तेवढे सभासद लागतात. ३०० जणांच्या हॉस्पिटलात ३०. १९२६चा ट्रेड युनियन कायदा आणि त्याच्या जागी आणलेली २०२०ची औद्योगिक संबंध संहिता, दोन्हींत ही अट सारखीच आहे. हॉस्पिटल लहान असेल तर माझं स्पष्ट मत, आधीच नोंदलेल्या युनियनची शाखा काढा. कागदपत्रांतच वर्ष घालवू नका. वर्गणी दर महिन्याला हातोहात घ्या, लगेच पावती फाडा. त्या निमित्ताने प्रत्येकीशी बोलणं होतं.

आता प्रतिनिधीपद. निवड सभासदांच्या मतांनी होते, पण मतं आधीच्या कामावर पडतात. मेमो (चुकीबद्दल मॅनेजमेंटची लेखी विचारणा) आलेल्या सिस्टरबरोबर जो जातो, त्याला लोक प्रतिनिधी मानायला लागतात. म्हणून ते काम नीट शिका. आधी तिचं एकटीचं ऐका, तिला अवघड जाणारी बाजूसुद्धा. मेमोची प्रत, रोस्टर, रजेचा अर्ज तारखेच्या क्रमाने लावा. केस पेपरचे फोटो मात्र काढू नका. पेशंटची माहिती बाहेर गेली तर केस तिथेच संपते, आणि ते चूकही आहे. कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर मुदतीत, दोन प्रतींत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. क्लार्क म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब आले की देतो.’ थांबा. पोच नसेल तर उत्तर दिलंच नाही, असं म्हणायला ते मोकळे. केबिनमध्ये राजीनामा लिहून मागितला तर एकच वाक्य: ‘विचार करून लेखी कळवते.’

निवडून आल्यावर ‘संरक्षित कामगार’ म्हणून तुमचं नाव युनियनमार्फत मॅनेजमेंटला लेखी कळवा. मान्यता मिळाली की मालक-कामगार वाद प्रलंबित असताना, तो ज्याच्यापुढे चालू आहे त्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तुम्हाला काढता येत नाही.

पहिली मागणी छोटी आणि सगळ्यांची निवडा: रोस्टर आठवडाभर आधी लागावं, नाइटला चेंजिंग रूम उघडी असावी. ती मिळाली की प्रत्येक वॉर्डात, तिन्ही शिफ्टमध्ये स्वतः जाऊन सांगा. फॉर्म न भरलेल्यांची नावं वहीत आहेतच, त्यांना त्याच आठवड्यात पुन्हा भेटा.