इंग्लंडच्या मध्ययुगीन लोकर व्यापारावर लिहिताय? आधी या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ होतो तो 'सॅक' या शब्दामुळे. त्याचं 'गोणी' केलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर 50 किलोचं पोतं येतं आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. सॅक हे वजनाचं माप आहे. 14 पौंडांचा एक स्टोन, असे 26 स्टोन. म्हणजे 364 पौंड, सुमारे 165 किलो. त्या काळची मेंढी अंगाने लहान, एका कातरणीत जेमतेम दीड पौंड लोकर द्यायची. त्यामुळे एक सॅक भरायला अडीचशेच्या आसपास मेंढ्या लागत. 1304-05 मध्ये सुमारे 46,000 सॅक परदेशी गेले. 50 किलोने गुणलंत तर 2,300 टन येतील. खरं उत्तर 7,600 टनांच्या घरात आहे. म्हणजे कोटभराहून जास्त मेंढ्यांची लोकर!

वर्षही '1304-05' असं जोडूनच लिहा. परदेशी जाणाऱ्या लोकरीवरच्या जकातीचा हिशेब 29 सप्टेंबरच्या सणाला बंद होई, म्हणून नुसतं '1304' लिहिणं चूक. शिवाय लोकरीसकटची कातडी नगावर मोजत: 1275 च्या दरात 300 कातड्यांचा एक सॅक, पुढे 240 चा.

1275 ची जकात सॅकमागे अर्धा मार्क, म्हणजे 6 शिलिंग 8 पेनी (12 पेनींचा एक शिलिंग). मार्क नावाचं नाणं इंग्लंडात नव्हतं. ते 160 पेनींचं हिशेबी एकक. 1294 ते 1297 च्या युद्धकाळात हा बोजा 40 शिलिंगांवर गेला. जकात व्यापाऱ्याने भरली म्हणून झळ त्यालाच बसली, असं मात्र धरू नका. त्याने मेंढीवाल्याला तेवढा भाव कमी दिला, आणि 1297 मध्ये राजाला ती वाढ मागे घ्यावी लागली.

सगळी लोकर मठांची होती, हाही गैरसमजच. बरीचशी लहान शेतकऱ्यांची होती. इटालियन व्यापारी मठांशी घाऊक करार करत, म्हणून मठांची नावं कागदोपत्री जास्त दिसतात. ते पुढच्या कित्येक वर्षांच्या लोकरीवर आधीच उचल देत. 1270 नंतर मेंढ्यांत खरूज पसरली, ठरलेला माल भरेना, आणि रिव्हो, फाउंटन्स यांसारखे मोठे मठ कर्जात रुतले.

'मेंढ्यांनी माणसं हुसकली' हे वाक्य 13व्या शतकाला लावू नका. 1348-49 च्या प्लेगने आधी माणसं नेली. मजूर महागले, म्हणून नांगराखालची जमीन कुरणाला गेली. गावं उठवण्याविरुद्धचा कायदा थेट 1489 चा.

आणि 14व्या शतकानंतर कच्च्या लोकरीची निर्यात घटली म्हणून 'धंदा बसला' असं लिहू नका. कच्च्या लोकरीवर जबर जकात आणि कापडावर अगदी हलकी, त्यामुळे विणकाम इंग्लंडातच वाढलं. दोन्ही आकडे एकाच मापात आणा: एका सॅकमधून 24 यार्डांचे साधारण सव्वाचार तागे धरतात. 15व्या शतकाच्या मध्यापर्यंत कापडाने कच्च्या लोकरीला मागे टाकलेलं दिसेल.