तुझ्या क्लस्टरमध्ये अणू किती?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्ट व्हायव्हात बाहेरून आलेल्या सरांनी माझी बाटली उजेडात धरली. आत सोन्याचं द्रावण, आपल्या सोलापुरी डाळिंबाच्या रसासारखं लाल. "छान. पण तुझ्या क्लस्टरमध्ये अणू किती?" मी गप्प.

घरी येऊन हिशेब मांडला. माझे कण 15 नॅनोमीटरचे, म्हणजे एकेकात जवळपास एक लाख अणू. क्लस्टर म्हणतात ते पाच-पन्नास, फार तर काहीशे अणूंच्या पुंजक्याला. माझ्या प्रोजेक्टच्या शीर्षकात मात्र 'क्लस्टर' लिहिलेलं. शीर्षकातच घोळ होता!

या विषयात नवीन असाल तर पेपर वाचण्याआधी गोट्या घ्या, एक गोटी म्हणजे एक अणू. मी गड्ड्याच्या जत्रेतून आणल्या होत्या. एकीभोवती डिंकानं बारा चिकटवल्या (आईनं दोन दिवस ताट वापरू दिलं नाही). तेरापैकी बारा बाहेर. पुढचा थर चढला की 55, त्यातले 42 बाहेर. मग 147, त्यातले 92. बाहेरच्या अणूला शेजारी कमी, म्हणून त्याची पकड सैल. एरवी 1064 अंशांना वितळणारं सोनं दोन-तीन नॅनोमीटरच्या कणात काहीशे अंश आधीच वितळतं, ते यामुळेच.

इथवर सगळं पायरीपायरीनं बदलतं. खरी मजा त्याखाली आहे, तिथं एका अणूनं चित्र पालटतं. 1984 मध्ये सोडियमच्या क्लस्टरांची मोजदाद झाली तेव्हा 8, 20, 40, 58 अणूंचे पुंजके शेजारच्या आकड्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघाले. प्रत्येक अणूचा एक मोकळा इलेक्ट्रॉन, आणि या आकड्यांना इलेक्ट्रॉनांची कवचं भरतात, निष्क्रिय वायूंसारखी. सोन्याचंही तेच: माझ्या लाल द्रावणाचा 520 नॅनोमीटरजवळचा ठसठशीत पीक (प्रकाश शोषणाच्या आलेखातलं शिखर) 25 अणूंच्या क्लस्टरमध्ये शोधून सापडत नाही. असा क्लस्टर धातूपेक्षा रेणूसारखा वागतो.

प्रयोगाचं एकच सांगतो. आमच्याकडं बोअरचं पाणी क्षारांचं. घाईत त्यानं फ्लास्क विसळला, सायट्रेट (सोन्याचे कण घडवणारं आणि त्यांना सुटं ठेवणारं रसायन) टाकलं. द्रावण लाल व्हायचं सोडून जांभळं झालं आणि सकाळी तळाशी काळा गाळ. क्षारांमुळं कण एकमेकांना चिकटतात. तेव्हा शेवटचे तीन हात डिस्टिल्ड वॉटरचेच, आणि ॲक्वा रेजियानं (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणानं) काच धुताना फ्यूम हूड, म्हणजे वाफा ओढून घेणारं कपाट, सोडू नका.

परवा एक ज्युनिअर सिल्व्हर क्लस्टरचा सिनॉप्सिस घेऊन आला. मी आधी अणूच विचारले. तोही गप्प.