रस्त्यावरून चौक दिसू नये

जुना वाडा उतरवून नवं बांधताय? नकाशा आखण्याआधी इराणातल्या काशानची जुनी घरं बघा. तिथं दार ठोठावायला दोन साधनं: पुरुषांसाठी जड दांडा, बायकांसाठी हलकी कडी. आवाजावरून दार कुणी उघडायचं ते ठरे! आत बहुधा अष्टकोनी ‘हश्ती’, म्हणजे देवडी, मग वळणाची बोळ; रस्त्यावरून आतलं दिसत नाही. पाहुण्यांची ‘बिरुनी’ वेगळी, घरच्यांची ‘अंदरुनी’ वेगळी. आपली ढाळज नि माजघर, तसंच.

म्हणून देवडीचं आणि चौकाचं दार एका रेषेत घेऊ नका. निदान एका दाराच्या रुंदीएवढं, साडेतीन फूट, सरकवा. नुसत्या पडद्यानं भागत नाही, वाऱ्यानं उडतो. बैठकीतून न्हाणीकडं स्वतंत्र वाट काढा. नाहीतर हात धुवायला निघालेला पाहुणा थेट चुलीपाशी पोचतो.