डायरी ताईंच्या हातात

बीडीएसची चार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, एवढ्या काळात मी दाढ काढायला, रूट कॅनल करायला, कवळीचं माप घ्यायला शिकले. माणसांबरोबर दवाखाना कसा चालवायचा, ते कुणी शिकवलं नाही. रत्नागिरीत स्वतःचा दवाखाना थाटला तेव्हा वाटायचं, फोन उचलायला आणि पावती फाडायला काउंटरवर कुणीतरी असलं की झालं.

काउंटरवरची पहिली मुलगी आठ महिन्यांत सोडून गेली. पेशंट खुर्चीत बसलेला, लॅबमधून त्याच्या दातावर बसवायची कॅप आलेली नाही, आणि मी त्याच्यासमोरच तिला बोलले. संध्याकाळी लॅबची चिठ्ठी माझ्याच ड्रॉवरमध्ये सापडली. मी ती तिच्याकडे दिलीच नव्हती. मी माफी मागितली, पण तीही आत, एकटीजवळ. अपमान चारचौघांत झाला होता. महिना भरला आणि ती गेली. नव्याने दवाखाना काढणाऱ्यांना पहिली गोष्ट हीच सांगते. पेशंटसमोर आपल्या माणसाला टाकून बोलू नका, आणि बोललातच तर चूक कबूल करायची तीही पेशंटसमोरच.

त्यानंतर ताई आल्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, आधी पतसंस्थेत काउंटरला होत्या. पहिल्याच आठवड्यात मी खेड्यातून आलेल्या एका आजींना संध्याकाळी साडेपाचची वेळ दिली. आजी बाहेर जाऊन बसल्या तशा ताई आत आल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "डॉक्टर, त्यांच्या गावाला जाणारी शेवटची गाडी साडेपाचलाच सुटते. दाढ काढून तोंडात कापूस धरून त्या रात्री स्टँडवर बसणार का?" हे मला सुचलंच नव्हतं. त्या दिवसापासून पेशंटच्या वेळांची डायरी ताईंची झाली. नात्यातल्या, ओळखीच्या कुणीही माझ्या मोबाइलवर वेळ मागितली तरी मी दवाखान्याचाच नंबर देते. सुरुवातीला काही जण रागावले. पण वेळा दोघींनी द्यायच्या म्हटल्या की एकाच खुर्चीवर दोन पेशंट येतात आणि शिव्या काउंटरला खाव्या लागतात.

डायरी सोपवायची तर तिच्यात काय भरायचं तेही सांगावं लागतं. रूट कॅनलला साधारण किती बैठका, प्रत्येकीला किती वेळ, कॅपसाठी माप घेतल्यावर मध्ये किती दिवस, हे मी ताईंना बसून समजावलं. उरलेलं त्यांनी मला शिकवलं. आमचं लॅबचं काम कोल्हापूरला जातं. जुलैत आंबा घाटात दरड आली की पार्सल अडकतं, म्हणून पावसाळ्यात त्या कॅपची तारीख दोन दिवस पुढचीच देतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदरावरचे खलाशी एरवी दिवसचे दिवस समुद्रावर. दाढ ठणकली तर बोटीवर गोळी घेऊन काढतात. त्यांची लांबणारी कामं ताई या दोन महिन्यांत बसवतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत कॅपसकट संपवायची म्हणून माझ्या मागे लागतात. एप्रिल-मे महिन्यांत आंबा काढणी असते. तेव्हा बागायतदाराला फक्त दुखणं थांबवून हवं असतं, बाकीचं तो पावसात करून घेतो. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी येतात. त्यांना फोनवर ताईंचा पहिला प्रश्न असतो, "किती दिवस आहात?" चार दिवसांसाठी आलेल्याचं आठ दिवसांचं काम आम्ही सुरूच करत नाही. अर्धवट दाढ घेऊन मुंबईची गाडी पकडायला लावणं मला पटत नाही.

पैशांवरून मात्र आमचं खरंच वाजलं. खुर्चीतल्या माणसाची कणव यायची आणि मी म्हणायचे, "द्या हो काय जमेल ते." बाहेर ताईंनी पूर्ण आकडा सांगितला की पेशंट म्हणायचा, "डॉक्टर चांगल्या आहेत, तुम्हीच कडक." एका दुपारी ताई म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या व्हायचं आणि मी वाईट, असं किती दिवस?" त्यांचं म्हणणं खरं होतं. आता खर्च काम सुरू होण्याआधी, कागदावर, काउंटरलाच सांगितला जातो. सवलत द्यायची असेल तर मी आधी ताईंना सांगते आणि पेशंटला ती त्यांच्याच तोंडून कळते. हप्ते बांधून द्यायचे की नाहीत, तेही त्याच ठरवतात. घरची परिस्थिती माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळते.

पेशंट खुर्चीत आखडतो, बाकावर मोकळा होतो. "मिश्री लावता का?" या प्रश्नाला मला बऱ्याच बाया नाही म्हणतात, ताईंना सांगतात. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, साखर वाढलेली आहे, सकाळपासून पोटात काही नाही, हे सगळं केसपेपरवर लाल पेनाने लिहून आत येतं. दाढ काढण्याआधी मी ते वाचल्याशिवाय इंजेक्शन भरत नाही. दुसऱ्या बाजूने, "कुठली गोळी घेऊ?" असा फोन आला तर ताई स्वतः कधीच औषध सांगत नाहीत, फोन मला देतात. ही हद्द पहिल्या दिवशीच आखून घ्या.

रोज दवाखाना उघडण्याआधी आम्ही दहा मिनिटं डायरी घेऊन बसतो. कुणाची कॅप आली, कुणाचे पैसे राहिले, लाइट गेली तर कॉम्प्रेसर लागणारी कुठली कामं पुढे ढकलायची, एवढंच. आदल्या दिवशीची कुरबुरही तिथेच काढायची.

पगार १ तारखेला, माझ्या गल्ल्यात काही असो वा नसो. आणि सुट्टीचं आधी बोलून घ्या. कोकणात गणपतीला कुणाला काउंटरवर बसवून ठेवू नका, गर्दी कितीही असली तरी. ताईंच्या घरी गौरी असतात. त्यामुळे गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत दवाखाना बंद असतो, आणि त्या तारखांवर ताई जूनमध्येच काट मारून ठेवतात.