विलायतेतला मोगरा, जाई, मधुमालती : या चुका टाळा

इंग्लंडात मोगरा थंडीने मरतो असं सगळे धरून चालतात. पण बहुतेक कुंड्या डिसेंबरात घरातच असतात, बाहेरच्या गारठ्याशी त्यांचा संबंधही येत नाही. त्यांचा घात होतो तो आपल्या लाडाने. रेडिएटरशेजारची ऊबदार जागा, रोज सकाळी चहाबरोबर पाणी आणि ‘जरा ताकद येऊ दे’ म्हणून खत.

हिवाळ्याकडे येऊच. त्याआधी आपल्याकडे नेमका कुठला वेल आहे ते बघा, कारण निम्मा घोळ तिथेच असतो.

सगळी जॅस्मिन एक नव्हेत

हिवाळ्याच्या शेवटी सुपरमार्केटमध्ये तारेच्या गोल कडीवर गुंडाळलेला, गुलाबी कळ्यांचा आणि पांढऱ्या फुलांचा वेल मिळतो. आपली मंडळी तो जाई समजून आणतात. ती चिनी जॅस्मिनम पॉलिअँथम. तिला कळी धरायला शरद ऋतूत काही आठवडे गार रात्री लागतात. ऑगस्टपासूनच घरात, उबेत ठेवली तर पानं भरपूर येतील, कळी येणार नाही. शिवाय ती गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलते, म्हणून छाटणी फुलं संपल्या संपल्या करायची.

मोगऱ्याचं नेमकं उलटं. त्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो निर्धास्त एक-तृतीयांश छाटा आणि उन्हाळ्यात प्रत्येक बहरानंतर शेंडे खुडा. त्याच दिवशी, त्याच कात्रीने पॉलिअँथमही छाटली, तर तिचा वर्षाचा बहर कचऱ्यात गेला.

जाईच हवी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. आपली जाई म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम. तिची सख्खी बहीण जॅस्मिनम ऑफिसिनॅले इंग्लंडात बाहेर जमिनीत हिवाळा काढते. ती दक्षिणेकडच्या भिंतीला लावा आणि कुंडी आत-बाहेर करायची कटकट सोडा. ‘स्टार जॅस्मिन’ खरं तर जॅस्मिन नाहीच, पण उणे ५ अंशाच्या आसपासची थंडी सोसते आणि सुवास झकास. अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक इशारा: पिवळ्या फुलांची कॅरोलायना जेसमिन विषारी आहे. कुंपणावर शोभते, गजऱ्यात किंवा चहात नको.

मधुमालतीला मोठा, कडक उन्हाळा लागतो. न्यू जर्सीच्या जुलैत ती कुंडीतही संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी, लाल होत जाते. मँचेस्टरात काचेची खोली नसेल, तर तिचा नाद सोडलेला बरा.

ऊब आहे, उजेड नाही

लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम ८ तासांचा. त्यात खिडकीची काच, त्यात ढग. अशा उजेडात २२ अंशांच्या दिवाणखान्यात ठेवलेला मोगरा वाढत राहतो, पण ती वाढ फिकी, लांबुडकी आणि किडीला आवतण देणारी. उजेड कमी असेल तर ऊबही कमी ठेवा. १२ ते १५ अंशांची, दक्षिणेला खिडकी असलेली खोली मोगऱ्याला पुरते. जागा नसेल तर एलईडीचा ग्रो लाइट लावा, दिवसाला १२ तास. खत ऑक्टोबर ते फेब्रुवारी बंद.

पाण्याचं वेळापत्रक ठेवू नका. बोट मातीत दोन पेरं घाला, कोरडं लागलं तरच पाणी, आणि बशीत साचलेलं ओतून टाका. हिवाळ्यात दोन पाण्यांमध्ये दहा-बारा दिवस गेले तरी घाबरायचं कारण नाही. ‘एकदाच मोठी कुंडी’ हाही फसवा हिशेब आहे. मुळं पोचत नाहीत ती माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. दर वेळी एकच माप वाढवा.

मार्चमध्ये मधुमालती नुसत्या काटक्यांसारखी दिसते, आणि लोक ती फेकून देतात. आधी वरच्या फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. गारठ्यात तिची पानं गळतातच. तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली खरवडून बघा.

पानं काय सांगतात

जुनी, खालची पानं पिवळी पडून गळत असतील तर पाणी जास्त झालंय, किंवा झाड हिवाळ्यापुरतं हलकं होतंय. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे केवडा (लोह कमी पडल्याने येणारा पिवळेपणा). लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं नळाचं पाणी चुनखडीचं. त्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. पावसाचं पाणी साठवून वापरा, वसंतात चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) द्या.

पानांवर सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके दिसले तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेली धूळ चालायला लागली, की तो लाल कोळी. रेडिएटरच्या कोरड्या हवेत तो फार माजतो. कुंडी न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू शॉवरने धुवा, कीटकनाशक साबणाचं पाणी फवारा आणि आठवड्याने पुन्हा. एकदा धुऊन भागत नाही, अंडी राहतात. सप्टेंबरात, रात्री १० अंशांखाली जाण्याआधी कुंड्या आत घेतानाच हे तपासलं तर पुढचा वैताग वाचतो.

मे महिन्याची घाई

पहिलं कडक ऊन पडलं की कुंडी थेट अंगणात, आणि चार दिवसांत पानांवर पांढरे चट्टे. आठवडाभर सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन, असं सवयीने बाहेर काढा. इंग्लंडात मे अखेरीपर्यंत फ्रॉस्टचा भरवसा नसतो.

उन्हाळ्यात पानंच पानं आणि कळी नाही, अशी तक्रार असेल तर आधी ऊन मोजा. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कुठलंच खत कामाचं नाही. ऊन असूनही कळी नसेल तर नत्र जास्त होतंय. लॉनचं खत बंद करून टोमॅटोचं, पालाश जास्त असलेलं खत द्या.

आणि पुण्याहून सामानात रोप आणायचा विचार असेल तर थांबा. ब्रिटन आणि अमेरिकेत त्याला फायटोसॅनिटरी (रोप कीड-रोगमुक्त असल्याचं सरकारी) प्रमाणपत्र तर लागतंच, पण तेवढ्याने भागेलच असं नाही, आणि माती तर आणताच येत नाही. ओळखीच्या कुणाच्या मोगऱ्याची जूनमध्ये वीतभर फांदी मागा. खालची पानं काढून कुंडीतल्या ओलसर माती-मिश्रणात खोचा, वर प्लॅस्टिकची पिशवी, सावलीत, २० अंशांच्या वर. पिशवी पानांना टेकू देऊ नका आणि रोज थोडा वेळ उघडा, नाहीतर बुरशी येते.