पुण्यात राहायला जाताय? नुसतं भाडं बघू नका
मुंबईहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना बहुतेक जण दोन भाड्यांचे आकडे ताडून बघतात आणि खूश होतात. पण मुंबईत लोकलच्या पासावर महिना निघतो. पुण्यात दुचाकीशिवाय पान हलत नाही. नवरा-बायको दोघं दोन टोकांना नोकरीला असतील तर गाड्याही दोन. (घर आणि ऑफिस दोन्ही मेट्रोलगत असतील तर गोष्ट वेगळी.) पेट्रोल, हप्ता, विमा, सर्व्हिसिंग हे सगळं भाड्यात मिळवा आणि मग तुलना करा.

पाण्याची चौकशी तर कराच करा. वाघोली, हिंजवडीकडच्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. घर बघायला जाल तेव्हा एजंटऐवजी वॉचमनला विचारा, मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात? तो खर्च मेंटेनन्समध्येच धरलाय की वेगळा, आणि भरणार कोण, मालक की तुम्ही, हे करारात लिहून घ्या. करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. दलाली आणि नोंदणीचा खर्च 11 ने भागून दरमहाच्या भाड्यात धरा. मुलं असतील तर शाळेची फी आणि स्कूलबसचे पैसे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.